चौथ्या दिवसाची जबाबदारी

कारखान्याला चाळीस वर्षे झाली तेव्हा धाकट्या मालकांनी एक स्मरणिका काढली. तिच्या सतराव्या पानावर माझा फोटो आहे आणि फोटोखाली माझ्याविषयी तीन वाक्ये आहेत. पहिले असे की मला निर्णयाचे पूर्ण स्वातंत्र्य होते. दुसरे असे की गावपळणीच्या वर्षी, कामगारांच्या श्रद्धेचा मान राखून, मी स्वतःच्या जबाबदारीवर कारखाना बंद ठेवला. तिसरे असे की अशी माणसे आता घडत नाहीत. तिन्ही वाक्ये खोटी आहेत. उशिराने का होईना, मी तसे कचेरीला पत्राने कळवले. ‘पुढील आवृत्तीच्या वेळी विचार करू’ असे उत्तर आले. स्मरणिकेला दुसरी आवृत्ती नसते हे मलाही कळते. म्हणून हे लिहितो आहे.

कारखाना काजूचा. गावाच्या हद्दीत, पण वस्तीपासून थोडा दूर, खाडीकडे उतरणाऱ्या माळावर. बी वाफवायची, फोडायची, गर सोलायचा, निवडायचा आणि डब्यांत भरायचा. कामाला दीडशेच्या आसपास बायका, त्यांतल्या बहुतेक आमच्याच गावच्या. मुख्य कचेरी कोल्हापूरला. मालक घाटावर, बायका इथे, आणि दोहोंच्या मध्ये सव्वीस वर्षे मी. हुद्दा मॅनेजरचा होता. गावात मला ‘साहेब’ म्हणत, कोल्हापुरात ‘आपला तिकडचा माणूस’.

मी निवृत्त झालो त्याला आठ वर्षे झाली. तेवढ्यात पाच मॅनेजर आले आणि गेले. का गेले, याविषयी ज्याची त्याची ठाम मते आहेत. धाकटे मालक म्हणतात, आजच्या मुलांत चिकाटी नाही. सोलणीच्या बायका म्हणतात, घाटावरच्या माणसांना आपली रीत समजत नाही. पण पाचांतले दोघे तर मालवणचेच होते. पोस्टाच्या कट्ट्यावरचे माझे समवयस्क म्हणतात की माझ्यासारखा कडक माणूस पुन्हा मिळणे नाही. हे मत मी बरीच वर्षे खोडून काढले नाही, इतकेच मी त्याच्याविषयी म्हणेन.

सहावी आली ती एक मुलगी. मुलगी म्हणतो, पण वय तिशीच्या पुढे. खाडीपलीकडच्या ख्रिस्ती घरातली, वडील शाळामास्तर होते. गोव्यात एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात सहा वर्षे काढून, वडील गेल्यावर आईसाठी परत आलेली. ही नोकरी गेली तर तिला पुन्हा गोवा गाठावा लागणार आणि आई एकटी पडणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. ती कार्तिकात एका दुपारी आमच्या पडवीत आली. एका हातात स्मरणिका होती, दुसऱ्या हातात स्वतः लिहिलेली एक नोटीस.

त्या वर्षी गावपळण होती. ज्यांना ही प्रथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तीन-चार वर्षांनी एकदा ग्रामदेवाला कौल लावतात. कौल मिळाला की ठरलेल्या दिवशी अख्खा गाव वेशीबाहेर जातो: माणसे, गुरे, कोंबड्या, पाटावरवंटाही. हद्दीत तीन दिवस कोणी राहायचे नाही, चूल पेटवायची नाही. सगळ्या धर्मांची घरे जातात. त्यात कोणाला वेगळे काही वाटत नाही. शेताच्या कडेला झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहतात, भजने होतात, फुगड्या होतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा. देवाने होकार दिला तर नगारा वाजतो आणि गाव परत भरतो.

तिची नोटीस दोन ओळींची होती: गावपळणीनिमित्त कारखाना तीन दिवस बंद राहील, खाली तिची सही. कोल्हापूरहून मात्र तिला फोनवर सांगण्यात आले होते की नाताळाची मोठी मागणी आहे, कारखाना चालू ठेवा, हद्दीबाहेरच्या बायका आणा, काय ते तिथल्या तिथे बघा.

‘‘मी तुमच्यासारखंच करणार आहे,’’ ती म्हणाली. कचेरीतली सवय म्हणून ती शुद्ध मराठीत बोलत होती. ‘‘नोटीस लावते, गेटला कुलूप घालते, आणि मग कळवते. तुम्ही केलंत तर मीही करू शकेन. फक्त त्यानंतर काय झालं ते सांगा. स्मरणिकेत ते नाहीये.’’

मी सांगायला सुरुवात केली. थोरले मालक, म्हणजे धाकट्यांचे वडील, कसे दिलदार होते, त्यांचा माझ्यावर कसा विश्वास होता, मी कसा एका वाक्यात विषय संपवला. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली होती की मला ती पाहिल्यासारखी आठवत होती. स्मरणिका काढणाऱ्यांनाही मीच ती सांगितली होती. तेवढ्यात माझी पत्नी चहा घेऊन बाहेर आली.

‘‘सांगा, सांगा,’’ ती म्हणाली. ‘‘आणि बॉयलर खंय गेलो तुमच्या गोष्टीतलो?’’

‘‘तू आत जा,’’ मी म्हणालो.

‘‘जातंय. पण ह्या चेडवाची आवस एकटी आसा, तां लक्षात ठेवा. आठ वर्सां हो माणूस पडवेत बसान ह्याच सांगता, गो. आता तेका खरां सांगूक सवय उरलेली नाय.’’

मुलीने कप खाली ठेवला. शुद्ध मराठी सुटली. ‘‘काका, माका स्मरणिकेतलां नको. तुमी खरां काय केलास, तां सांगा.’’

मला राग आला होता, हे मी लपवणार नाही. स्वतःच्या पडवीत, स्वतःच्या चहावर, लेकीच्या वयाच्या मुलीने माझी साक्ष घ्यावी हे मला रुचले नाही. पण ती नोटीस तिच्या मांडीवर होती. माझ्या गोष्टीवर विसंबून ती दुसऱ्या दिवशी ती गेटवर लावणार होती. माझ्या गोष्टीतला तो धीट माणूस खरा असता तर तिचे काही बिघडले नसते. तो खरा नव्हता, आणि हे पुरते ठाऊक असलेली माणसे जगात तीनच होती. त्यांतली दोन त्या पडवीत होती.

मग मी सांगितले ते असे.

स्मरणिकेतल्या त्या वर्षीही कोल्हापूरहून होकार आला नव्हता. आधीच्या खेपांना कचेरी कुरकुरत डोळेझाक करी. त्या खेपेला मात्र मोठा माल वेळेत जायचा होता. थोरले मालक फोनवर म्हणाले, ‘‘तुम्ही आहात ना तिथे?’’ त्यांची ही लकब होती. कुठलाही अवघड प्रश्न विचारला की हेच उत्तर. मी खाली सोलणीच्या खोलीत गेलो. तिथली सर्वांत जुनी बाई म्हणाली, ‘‘आमका काय चिंता, तुमी आसास मा?’’ दोन्हीकडून एकच वाक्य, आणि त्या वाक्यानंतर दोन्हीकडची माणसे निर्धास्त होऊन आपापल्या कामाला लागत. मी सव्वीस वर्षे या वाक्याचा अभिमान बाळगला. त्या वाक्याने ते आपले ओझे माझ्या डोक्यावर ठेवून मोकळे होत होते, हे मला त्या दुपारी स्वतःच्या तोंडून ऐकताना प्रथम नीट दिसले.

मी नकार दिला नाही आणि पुन्हा परवानगीही मागितली नाही. मी कोल्हापूरला कळवले की यंदा कौल झालेला नाही, गावपळण पुढे गेली. आणि बॉयलर गळतो आहे, दुरुस्तीला तीन दिवस काढतो. बायकांना सांगितले की रजा मंजूर करून आणली आहे. बॉयलर ठणठणीत होता. बी वाफवायला वाफ नाही म्हटल्यावर कारखाना आपोआप बंद, आणि कोणालाही कोणाशी भांडावे लागले नाही. दुरुस्तीच्या कागदावर माझ्या हाताखालच्या सुपरवायझरची सही लागे. नांदगावकडच्या शेतकरी घरातला तो माणूस; भातशेती भावावर सोपवून नोकरीला आलेला, कामाला चोख, बोलायला कमी. मी कागद पुढे केला, त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि सही केली.

माझी योजना निर्दोष होती. तिच्यात एकच चूक होती, आणि ती आमच्या गावच्या माणसाने तरी करायला नको होती. बॉयलरची दुरुस्ती मी तीन दिवसांची लिहिली होती. चौथ्या दिवशी सकाळी गावकरी मंडळींनी कौल लावला आणि देवाने होकार दिला नाही.

गाव आणखी एक दिवस बाहेर राहिला. लोकांना त्याचे काहीच वाटले नाही. पोरांना तर आनंदच झाला. मी मात्र त्या दिवशी एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत फिरत होतो. मोबाईलला त्या काळी खाडीकाठी रेंज नव्हती. तिकडे रिकाम्या कारखान्यात फोन वाजत असणार, आणि कोल्हापुरात थोरले मालक विचारत असणार की तीन दिवसांची दुरुस्ती चौथ्या दिवशीही का चालू आहे. मी चारचौघांत उभा राहून देवाकडे एक दिवस लवकर मागू शकत नव्हतो, आणि मालकांकडे एक दिवस जास्त मागण्याचे दार मी स्वतःच लावून घेतले होते.

पाचव्या दिवशी कोल्हापूरहून इंजिनियर आला. त्याने बॉयलर पाहिला, कागद पाहिला आणि विचारले, ‘‘एवढ्याशा कामाला चार दिवस? सही कोणाची आहे?’’ सुपरवायझर माझ्याकडे बघत होता. मी बॉयलरवरच्या पाणी दाखवणाऱ्या काचेकडे बघत होतो. पाणी बरोबर रेषेवर होते.

त्याला निष्काळजीपणाचे पत्र आले. महिन्याभरात त्याने नोकरी सोडली. आज तळेऱ्याच्या तिठ्यावर त्याचे टायरचे दुकान आहे. तो लोकांना सांगतो, ‘‘साहेबान माका फुडे ढकलल्यान.’’ हे मी आजवर प्रत्येक वेळी खोडून काढले आहे आणि आजही खोडून काढतो. मी त्याला ढकलले नाही. मी एक शब्दही बोललो नाही. हे त्या दुपारी मी मोठ्या आवाजात म्हणालो, तेव्हा माझी पत्नी उठून रिकामे कप घेऊन आत गेली, आणि मुलगी शांतपणे म्हणाली, ‘‘मगे तेच्यापेक्षा ढकललां आसतां तर बरां.’’



तिने नोटिशीची घडी घातली. मग तिने जे विचारले ते माझ्या मनात आठ वर्षांत आले नव्हते. ‘‘तुमच्यानंतर पयलो मॅनेजर इलो, तेका तुमी ह्यां सांगितलास?’’

सांगितले नव्हते. त्याला मी किल्ल्या दिल्या, रजिस्टरे दिली, कोणत्या सोलणाऱ्या बाईचा हात हलका आहे ते सांगितले. कारखाना खरोखर कशावर चालत होता ते लिहून देण्यासारखे नव्हते. तो बिचारा तेच करायला गेला जे स्मरणिकेतल्या मॅनेजरने केले असते: खरे बोलायला. वर खरे बोलला तर वरचे म्हणाले, जुने साहेब असे रडगाणे कधी गात नव्हते. खाली खरे बोलला तर बायका म्हणाल्या, साहेबांनी आम्हाला कधी नाही म्हटले नव्हते. चौदा महिन्यांत गेला. त्यानंतरचे चार याच मापाने मोजले गेले, आणि ते माप माझ्या खोट्याचे होते. या खुर्चीवरच्या माणसाला काय काय लागते, हे कंपनीला कधी कळलेच नाही, कारण सव्वीस वर्षे मी ते कळू दिले नाही. त्याला हाताखाली विश्वासाचा माणूस लागतो, वरून लेखी शब्द लागतो, आणि ‘हे मला जमणार नाही’ म्हणण्याची मुभा लागते. मी यांतले काहीच मागितले नाही. मागणे मला कमीपणाचे वाटे. मालकांना ते काटकसरीचे वाटले आणि माणसांना ते मोठेपणाचे वाटले.

चिकाटी नाही म्हणून पाच गेले, हे म्हणूनच मला मान्य नाही. चिकाटी माझ्यात होती असे जे म्हणतात, त्यांनी ती जवळून पाहिलेली नाही.

मुलीने नोटीस लावली नाही; तिने कोल्हापूरला लेखी विचारले, आणि तीन दिवसांनी धाकटे मालक स्वतः आले. मुलीने मला बोलावले. न जाण्याची कारणे माझ्याकडे भरपूर होती. गुडघा तर कायमच तयार असतो. पत्नीने धुतलेला सदरा खाटेवर काढून ठेवला. मी गेलो.

धाकटे मालक माझ्या पाया पडले. त्यांना वाटले मी त्यांच्या बाजूने चार शब्द सांगायला आलो आहे. मी उभ्यानेच सगळे सांगितले: कौल झाला नसल्याचे खोटे, बॉयलरचे खोटे, चौथा दिवस, आणि त्या माणसाची काही चूक नव्हती हे.

त्यांनी टेबलावरचा एक डबा उचलून परत ठेवला. ‘‘म्हणजे काका, तुम्ही बाबांना फसवलंत?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो. ‘‘आणि त्यांनी मला फसवायची संधी प्रत्येक वर्षी दिली. ते कधीच हो किंवा नाही म्हणाले नाहीत.’’

‘‘आणि तो सुपरवायझर... कोण होता तो? मला नावही आठवत नाही.’’

‘‘तुम्हाला आठवायचं कारण नाही,’’ मी म्हणालो. ‘‘मला आठवतं.’’

त्यांनी घड्याळ पाहिले. धाकटे मालक वाईट माणूस नाहीत. त्यांचे वडील वाईट नव्हते तसेच. त्यांनी मुलीकडे वळून अगदी सौजन्याने सांगितले, ‘‘ठीक आहे मॅडम. तीन दिवस बंद ठेवा. मी लेखी देतो.’’ आणि त्यांनी तिथेच कागद घेऊन लिहिले. तिने तो वाचला आणि त्यांच्यासमोर परत ठेवला.

‘‘सर, यात ‘आपल्या जबाबदारीवर’ असं लिहिलंय.’’

‘‘ती लिहायची पद्धत आहे हो. सगळ्या पत्रांत असते.’’

‘‘म्हणूनच म्हणते. बंद ठेवायचं हे तुम्ही ठरवलंत, तर जबाबदारी तुमची. उत्पादनाचा उशीर पुढच्या पंधरवड्यात भरून काढणं, ती माझी. ते मी माझ्या सहीने देते. आणि चौथ्या दिवसाचं काय?’’

‘‘कुठला चौथा दिवस?’’

‘‘कौल नाही मिळाला तर.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी या खेपेला नजर दुसरीकडे वळवली नाही. ‘‘मिळतोच असं नाही,’’ मी म्हणालो.

‘‘कोल्हापूरला जाऊन कळवतो,’’ ते म्हणाले आणि कागद खिशात घालून निघाले. गाडी गेल्यावर मुलगी खुर्चीत बसली. ‘‘संपलां माझां,’’ ती म्हणाली. ‘‘आवशीक काय सांगू आता?’’

मी तिला धीर द्यायला हवा होता. माझ्याजवळ तो नव्हता. मी एवढेच म्हणालो की मी या खोलीत सव्वीस वर्षे बसलो आणि जे आज बोलले गेले ते एकदाही बोललो नाही. तिला त्याने बरे वाटले असेल असे मला वाटत नाही.

नंतरचा आठवडा तिच्या घरी कसा गेला ते मला ठाऊक नाही. माझा कसा गेला ते सांगतो. मी एसटीने तळेऱ्याला गेलो. तिठ्यावर उतरून टायरच्या दुकानापुढे उभा राहिलो. तो ट्रकच्या चाकाशी वाकला होता. केस पांढरे झालेले. मी मालकांना काय सांगितले ते त्याला सांगितले. तो हात पुसत ऐकत राहिला.

‘‘आता सांगतास?’’ तो म्हणाला. ‘‘त्या दिसा मी तुमच्या तोंडाकडे बघत होतंय.’’

‘‘माका म्हायत आसा.’’

‘‘बसा. च्या घेतलास?’’

मी बसलो. चहा झाला. त्याने क्षमा केली असे मी लिहिणार नाही. तसे त्याने काही म्हटले नाही, आणि त्याच्या वतीने मी गोष्ट गोड करणार नाही. निघताना त्याने रस्ता ओलांडून मला एसटीत बसवून दिले, एवढे खरे आहे.

गावपळणीच्या आदल्या दिवशी आम्ही भांडीकुंडी टेम्पोत घालून वेशीबाहेर आलो. गेटवर नोटीस लागली होती की नाही हे मला ठाऊक नव्हते आणि मी कोणाला विचारले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुलगी खाडी ओलांडून आमच्या झोपडीत आली. सोलणीच्या बायकांनी तिला घेरले, एकीने चटई टाकली, दुसरी म्हणाली, ‘‘मॅडम, फुगडी घालतास काय आमच्यावांगडा?’’ ती हसली आणि पर्समधून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला.

मी चष्मा लावून तो दोनदा वाचला. ‘गावपळणीनिमित्त कारखाना तीन दिवस, व कौल न मिळाल्यास कौल मिळेपर्यंत, बंद ठेवण्यास माझी संमती आहे.’ खाली धाकट्या मालकांची सही. ‘आपल्या जबाबदारीवर’ हे शब्द कुठे नव्हते. मी कागदाची मागची बाजूही पाहिली.

चौथ्या दिवशी कौल पहिल्या खेपेलाच मिळाला. नगारा वाजला, गुरे सुटली, टेम्पो भरले. ती कारखाना उघडायला आली होती. गेटपाशी मला दिसली. मी तिला म्हणालो की चौथ्या दिवसाच्या त्या ओळीसाठी एवढी नोकरी पणाला लावलीस, आणि देवाने ती ओळ वापरूच दिली नाही.

‘‘माका नाय लागली,’’ ती म्हणाली. ‘‘पण कागद फायलीत लावलंय. फुडच्या मॅनेजराक लागतली.’’

‘‘म्हणजे तू जातलंस?’’

तिने कुलूप काढले आणि किल्ली पदराला बांधतात तशी ओढणीच्या टोकाला बांधली. ‘‘कधीतरी जातलंयच, काका. ह्या वर्सा नाय.’’

बॉयलरची वाफ तयार व्हायला तासभर लागतो. मी तोवर तिथेच थांबलो.